युरिया टाकलेल्या ओळीच थंडीनं का करपल्या? (संत्र्याची पन्हेरी, खत आणि गारठा)

पन्हेरीकर | ९ जानेवारी, रात्री ९:१२

मंडळी नमस्कार. वरूडकडची आमची छोटी पन्हेरी (रोपवाटिका) आहे. बाबांच्या काळात जमिनीतली होती, चार वर्षांपासून मी पिशवीत करतो. यंदा रंगपूर लाईमच्या (लिंबूवर्गीय जात) खुंटांवर नागपुरी संत्र्याचे साडेतीन हजार डोळे भरले (खुंटाच्या सालीत संत्र्याचा डोळा बसवून कलम केलं), ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. डोळे छान फुटले होते.

दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक आलं. पावसाळ्याच्या तोंडी दोन हजार कलमा घेतो म्हणाला, पण दोन फुटाच्या खालची एकही नको. मला घाई सुटली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पिशवीमागे अर्धा चमचा युरिया दिला आणि वरून १९:१९:१९ या विद्राव्य खताच्या दोन फवारण्या घेतल्या. युरिया नाल्याकडून टाकत आलो. विहिरीकडच्या सात ओळी उरल्या असताना पोतं संपलं. म्हटलं उद्या आणू. तो उद्या काही आला नाही.

पंधरा दिवसांत युरियावाल्या ओळी वीतभर पुढे गेल्या. पोपटी, लुसलुशीत. येणारा-जाणारा थांबून पाहायचा. मग गेल्या आठवड्यात सलग तीन रात्री तो गारठा पडला. तिसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन गेलो, तर कोवळी पानं पाण्यात उकळल्यासारखी काळपट हिरवी, बोट लावलं की ओली लागत होती. दहा वाजता ऊन चढल्यावर तीच पानं तांबूस होऊन लोंबली. शेंडे काळे. विहिरीकडच्या ओळी मात्र बऱ्यापैकी शाबूत.

अजून एक. कोपऱ्यात मागच्या वर्षीच्या न विकल्या गेलेल्या दीडशे कलमा पडून आहेत. त्यांना सहा महिन्यांत काहीच दिलेलं नाही, पिवळ्या पडल्या आहेत. मला वाटलं ह्या तरी टणक असतील, पण त्यांचीही अर्धी पानं गळाली.

आता हे कोडं सोडवून द्या. खतानं थंडी जास्त लागते, की कमी?

---

काळीमाती | ९ जानेवारी, रात्री १०:०३

अरे बाबू, कातिकात युरिया कोन टाकते? तुह्या बापानं कधी टाकला का? आम्ही तं दसरा झाला की पन्हेरीले नुसतं पाणी देत होतो, थेबी मोजून. पोराईले उंच कलम पाह्यजे, मंग थंडी त्याईचा कान धरते. युरियाचं झाड म्हंजे सुजलेल्या मानसावानी. दिसते गुबगुबीत, अंगात दम नाई.

---

पेठेतला | ९ जानेवारी, रात्री १०:४१

पुण्यात आमच्या गच्चीवरच्या लिंबालाही असंच झालं होतं. रात्री बल्ब लावून ठेवला तर चालेल का?

---

काळीमाती | ९ जानेवारी, रात्री १०:४४

साडेतीन हजार बल्ब?

---

सिपनाकाठ | १० जानेवारी, सकाळी ७:२०

मी जंगलाच्या रोपवाटिकेत तीस वर्षं काढली, आता निवृत्त होऊन धारणीला असतो. मेळघाटात हिवाळ्याच्या काही पहाटे नाल्याकाठच्या गवतावर दव गोठून पांढरं पडतं. चिखलदऱ्यावर तर विचारूच नका.

सागाचं आमचं गणित वेगळं. साग बहुतेक वेळा आम्ही स्टंप करूनच लावायचो. वर्षाचं रोप उपटायचं, वरचं खोड बोटाच्या पेरभर ठेवून छाटायचं, खाली वीतभर सोटमूळ ठेवायचं, बाजूची मुळं सोलून काढायची. पेन्सिलीपासून अंगठ्याएवढं जाड झालं की झालं. त्या मुळात जे साठलेलं असतं त्यावरच पावसाळ्यात नवा कोंब येतो. वर किती फूट वाढलं होतं याला कवडीची किंमत नाही, कारण मुंडकं आपणच उडवतो. आमच्याकडं एका वर्षी एका साहेबानं उंचीवरून रोपं मोजायचा फतवा काढला (खातं कोणतं ते विचारू नका), मग वाफ्यांत युरिया पडला आणि काठीसारखी लांब, करंगळीहून बारीक रोपं तयार झाली. कागदावर उद्दिष्ट पूर्ण. स्टंप करायला बसलो तर निम्मी फेकावी लागली.

पन्हेरीकर, तुमच्या कलमांची उंची सांगितलीत. बुंध्याची जाडी किती आहे?

---

पन्हेरीकर | १० जानेवारी, दुपारी १:१५

काका, खरं सांगू का, जाडी कधी मोजलीच नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही.

---

हिमप्रदेशी_वऱ्हाडी | ११ जानेवारी, सकाळी ६:५०

धागा पाहून राहवलं नाही. मूळचा अचलपूरचा, सध्या कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात जंगलाची रोपं करणाऱ्या एका नर्सरीत कामाला आहे. इथं स्प्रूस, पाइन, डग्लस फर अशी सूचिपर्णी झाडं. या एका प्रांतात वर्षाला वीस कोटींच्या वर रोपं लागतात, आणि ती सगळी थंडीत तगली पाहिजेत म्हणून या प्रश्नावर इथं लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. आमचं इथलं सांगतो, संत्र्याला किती लागू पडतं ते तुम्ही ठरवा.

आधी थंडी रोपाला मारते कशी. पेशीच्या आतलं पाणी सहसा आधी गोठत नाही. पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ होतो आणि तो आतलं पाणी बाहेर ओढतो. म्हणजे झाड खऱ्या अर्थानं थंडीनं नव्हे, तहानेनं मरतं. तयार झालेल्या रोपात पेशीत साखर वाढलेली असते, पेशीच्या आवरणातली चरबी बदललेली असते, पाणी कमी असतं. ते हा ओढा सोसतं. कोवळ्या फुटव्यात यातलं काही नसतं. पातळ भिंती आणि पाणीच पाणी. ते फुटतं आणि तुम्ही पाहिलंत तसं उकडल्यासारखं दिसतं.

झाडाला ही तयारी करायला दोन सांगावे लागतात: दिवस लहान होणं आणि मग हळूहळू वाढणारा गारठा. आमच्या इथं तर पहिला सांगावा खोटाच देतात. जुलैमध्ये हरितगृहावर काळे पडदे ओढून दिवस लहान करतात, दोन-तीन आठवडे. रोपाला वाटतं ऑगस्ट-सप्टेंबर संपत आला. वाढ थांबते, शेंड्याला कळी (फुलाची नव्हे, पुढच्या वाढीची) बांधली जाते. या काळात भरपूर नत्र (नायट्रोजन, युरियात असतो तोच) मिळाला की रोप तो सांगावा ऐकतच नाही, किंवा बांधलेली कळी पुन्हा फोडतं. तुमच्या युरियावाल्या ओळींनी तेच केलं.

पण काळीमाती काकांशी मी अर्धाच सहमत. "शेवटी उपाशी ठेवा म्हणजे टणक होतं" हे इथंही पूर्वी चालायचं. रोपं टणक दिसायची, रंग फिका असायचा. पुढं लक्षात आलं की नत्राचा दुष्काळ असलेलं रोपही नीट तयारी करू शकत नाही. साखर बनवायला हिरवं पान लागतं, पेशी वाचवणारी प्रथिनं बनवायला नत्रच लागतो. पन्हेरीकरांच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या कलमांचं उत्तर यात आहे.

म्हणून प्रश्न "किती" याच्याइतकाच "कधी" याचा आहे. शेंडा वाढत असताना दिलेला नत्र उंचीत जातो. शेंडा थांबल्यावर, पण मुळं चालू असताना, थोडा थोडा दिलेला नत्र साठ्यात जातो. उंची वाढत नाही, पानं गडद होतात, बुंधा भरतो, मुळं वाढतात. आम्ही कळी बांधल्यावरही खत बंद करत नाही, कमी करतो, आणि सुयांमधला नत्र वाळलेल्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहतो. यालाच पुढं नेऊन कॅनडात टोरंटो विद्यापीठातल्या टिमर यांच्या गटानं काळ्या स्प्रूसवर काम केलं. त्याच्याआधी स्वीडनमध्ये इंगेस्टाड यांनी मांडलं होतं की रोप ज्या वेगानं वाढतं त्या वेगानंच खत वाढवत न्यायचं, सुरुवातीला चिमूटभर, शेवटी मूठभर. एकदम टाकायचं नाही. गरजेपेक्षा जास्तीचं रोप पोटात साठवतं आणि लावल्यावर तणाच्या गर्दीत त्या शिदोरीवर उठतं. आपल्याकडं कणगी भरून ठेवतात ना, तेच. फक्त कणगी भरायची असते, पेरणीच्या दिवशी धान्य अंगणात ओतायचं नसतं.

थंडीतल्या पाइनचे सगळे नियम संत्र्याला लावू नका, एवढं मात्र आवर्जून सांगतो.

---

काळीमाती | ११ जानेवारी, सकाळी ८:३०

भाऊ, अचलपूरचा पोरगा हाय म्हून वाचलं पुरं. कनगीचं पटलं. पन पोटॅश? दुकानदार म्हनते पोटॅश देल्लं की थंडी वाजतच नाई झाडाले.

---

हिमप्रदेशी_वऱ्हाडी | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

काका, ही समजूत कॅनडातही घट्ट आहे. "हिवाळी खत" म्हणून जास्त पोटॅशच्या थैल्या विकल्या जातात. पालाश (म्हणजे पोटॅशच) कमी पडला तर झाड थंडीला नक्की नाजूक होतं. पण पुरेसा असताना वर आणखी दिल्यानं खात्रीचा फायदा दिसत नाही. आपली काळी माती तशी पालाशनं श्रीमंत. पिशवीत जर गाळाची रेती आणि कोकोपीट जास्त असेल तर मात्र वेगळं, तिथं पाहून द्यावा.

---

निंबोणी | ११ जानेवारी, रात्री ८:१८

फलोद्यान शिकले, आता अकोल्याजवळ शेती करते. वरची चर्चा आवडली, पण दोन ठिकाणी मी पाय रोवणार आहे.

पहिलं. संत्रं म्हणजे स्प्रूस नव्हे. लिंबूवर्गीय झाडाला शेंड्यावर कळी बांधून झोपी जाणं माहीत नाही. ते लाटांनी वाढतं, एक नवती (कोवळी फूट) येते, थांबते, पुन्हा येते. तापमान साधारण १३ अंशांच्या खाली गेलं की वाढ मंदावून थांबते, आणि दुपारी ऊन लागलं की परत सुरू व्हायला बघते. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे सात आणि दुपारी अठ्ठावीस असं असतं, म्हणजे झाडाला पक्का सांगावा कधी मिळतच नाही. त्यात नत्राचा रतीब चालू ठेवला तर ते दुपारच्या उन्हावर नवती काढत राहतं. पक्व पान आणि आठ दिवसांचं कोवळं पान यांची थंडी सोसायची ताकद एकाच झाडावर वेगवेगळी असते. त्यामुळं पाइनची वेळापत्रकं नकोत, पण "थंडीच्या तोंडावर कोवळी नवती अंगावर नको" हा नियम आपल्यालाही तंतोतंत.

दुसरं, आणि हे जरा बोचेल. पन्हेरीकर दादा, तुम्ही युरिया नाल्याकडून टाकत आलात. म्हणजे करपलेल्या सगळ्या ओळी नाल्याकडच्या, वाचलेल्या विहिरीकडच्या. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगट जागी साचते. शांत, निरभ्र रात्री नाल्याकाठी आणि उंचवट्यावर दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. मग युरियानं केलं की नाल्यानं, हे तुम्ही कसं ठरवणार?

आणि "नागपूरला इतके अंश" यावर जाऊ नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले, ते लाकडी पेटीतल्या, छातीच्या उंचीवरच्या तापमापकावर. त्याच पहाटे उघड्या रानात जमिनीलगतचं पान त्याहून काही अंश थंड असू शकतं. म्हणूनच बातमीत चार अंश असताना बांधावर दव गोठलेलं दिसतं.

---

सिपनाकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:००

ताईंनी बरोबर नस पकडली. आमचे जुने फॉरेस्टर रोपवाटिकेची जागा निवडताना पहाटे जाऊन धूर सोडून बघायचे, तो कुठं जाऊन बसतो ते.

---

पन्हेरीकर | १२ जानेवारी, रात्री ९:५०

ताई, बोचलं, पण चूक नाही. आज दिवसभर त्याच विचारात होतो आणि एक गोष्ट सुचली. पोतं संपलं ती ओळ! विहिरीच्या बाजूची ती ओळ अर्ध्यावर आहे. अलीकडच्या ३१ पिशव्यांना युरिया मिळाला, पुढच्या २९ ना नाही. ओळ आडवी आहे, उताराला लागून नाही, म्हणजे सगळ्या एकाच पातळीवर. खुंट एकाच वाफ्यातले, डोळे एकाच माणसानं, एकाच दिवशी भरलेले.

आज दुपारी मोजलं. युरियावाल्या ३१ पैकी १९ चे शेंडे करपले. बिनयुरियाच्या २९ पैकी ६ चे.

शिवाय पोल्ट्रीवाल्या मित्राकडून कमाल-किमान तापमानाचे दोन मापक आणले. आज रात्री एक नाल्याकडं, एक विहिरीकडं, दोन्ही पिशवीच्या उंचीवर.

---

पन्हेरीकर | १३ जानेवारी, सकाळी ७:४०

नाल्याकडं ६.५, विहिरीकडं ८.५. थंडी आता ओसरली आहे तरी दोन अंशांचा फरक.

---

काळीमाती | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

म्हंजे नालाबी दोषी अन् युरियाबी. दोघाईनं मिळून तुले धुतलं.

---

निंबोणी | १३ जानेवारी, सकाळी ११:२५

दादा, ही ओळ सोन्यासारखी आहे. साठ झाडं म्हणजे फार नाहीत, पण एका ओळीत एका पातळीवर १९ विरुद्ध ६ हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

---

हिमप्रदेशी_वऱ्हाडी | १४ जानेवारी, सकाळी ७:३०

संक्रांतीच्या शुभेच्छा! तिळगूळ इथं मिळाला, तीळ मात्र मेक्सिकोचे.

पन्हेरीकर, तुमच्याकडं ठिबकच्या खतासाठी टीडीएस किंवा ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) आहे का? असेल तर इथल्या प्रयोगशाळेत करतात ती एक चाचणी घरी होऊ शकते. थंडीनं पेशीचं आवरण फाटलं की आतले क्षार बाहेर झिरपतात. किती झिरपले यावरून किती पेशी मेल्या ते कळतं. दोन्ही गटांतली सारख्या वयाची पानं घ्या, धुवा, सारखे गोल तुकडे कापा (कागदाला भोकं पाडायचं पंच चालेल), सारख्या शुद्ध पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा आणि मीटर लावा. मग तेच पाणी पानांसकट उकळून, थंड करून, आटलेलं पाणी भरून पुन्हा मोजा. उकळल्यावर सगळ्याच पेशी मरतात, तो झाला शंभर टक्क्यांचा आकडा. पहिला आकडा भागिले दुसरा.

इथं याच्या जोडीला साठवणीआधी नमुन्याची रोपं यंत्रात −१८ अंशांपर्यंत गोठवून बघतात. किती सुया करपतात त्यावर ठरतं की लॉट शीतगृहात घालायचा की अजून बाहेर थंडी खाऊ द्यायची. पास झालेली रोपं खोक्यांत भरून −२ अंशांत ठेवतात आणि बर्फ वितळल्यावर डोंगरात लावतात. तुम्ही ते करायला जाऊ नका. संत्र्याचं पान −१८ ला कुठलंही खत दिलेलं असो, मरणारच.

---

पन्हेरीकर | १६ जानेवारी, रात्री १०:०५

केलं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी पंपावरून आणलं, लेकीचं पंच मशीन घेतलं, काचेच्या चार बरण्या. बायको म्हणाली संत्र्याचा चहा करून राहिले का. त्या एकाच ओळीतली, वरून पाहता न करपलेली, कोवळी पानं घेतली.

युरियावाली: सकाळी ४२, उकळल्यावर ७०. म्हणजे ६० टक्के.
बिनयुरियाची: सकाळी १५, उकळल्यावर ६८. म्हणजे २२ टक्के.

दुसऱ्या बरण्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे, पण कल तोच. मला धक्का याचा बसला की युरियावाली ही पानं डोळ्यांना चांगली दिसत होती. दोन दिवसांनी त्या फांद्यांवरची तीच पानं कडेनं तांबूस झाली. मीटरनं आधीच सांगितलं होतं.

---

झाडीपट्टीचा | १६ जानेवारी, रात्री १०:३०

भारी! आमच्याकडं गोंदियाला उन्हाळी धानाचे पऱ्हे (लावणीची रोपं) जानेवारीत पिवळे-पांढरे पडतात थंडीनं. आम्ही संध्याकाळी बोअरचं कोमट पाणी भरतो आणि सकाळी काढून टाकतो. पऱ्ह्यातही लोक युरिया फेकतात हिरवं करायला. आता पंच मशीन घेऊन बसतो.

---

पन्हेरीकर | १७ जानेवारी, सकाळी ८:००

आता मुद्द्याचं. करपलेल्या साधारण अकराशे कलमांचं काय करू? छाटू? परत खत?

---

निंबोणी | १७ जानेवारी, दुपारी २:४०

छाटायची घाई करू नका. आत्ता काळं कुठपर्यंत गेलंय ते कळत नाही, आणि छाटलं की त्याखालचा डोळा लगेच फुटायला बघतो, पुन्हा थंडी आली तर तोही जातो. फेब्रुवारीच्या मध्यात नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं लागलं की तिथं थांबा, वरचं तपकिरी तेवढं काढा. डोळ्याचा जोड जिवंत आहे ना ते आधी बघा. जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे जोरात येतील, ते मोडत राहा, नाहीतर संत्र्याऐवजी रंगपूर लाईम विकाल.

युरिया अजिबात नको. थंड मातीत मुळं सुस्त असतात, दिलेलं पडून राहतं आणि ऊन वाढलं की एकदम लागू होतं. काही कलमांची पानं जांभळट दिसतात का? असतील तर घाबरून डीएपी (स्फुरदाचं खत) ओतू नका. थंड मातीत स्फुरद (फॉस्फरस) उचललाच जात नाही, माती तापली की बरेचदा आपोआप सुधारतं.

तोवर गारठ्याची रात्र असेल तर संध्याकाळी विहिरीचं पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. नाल्याकडच्या ओळींवर तुराट्यांचा मांडव करून त्यावर गवत टाका, सकाळी बाजूला करा. आणि त्या ओळी पुढच्या वर्षी तिथं ठेवूच नका.

---

काळीमाती | १७ जानेवारी, संध्याकाळी ६:१२

हे मी सांगनार होतो. पोरीनं सांगतलं, बरं केलं.

---

सिपनाकाठ | १८ जानेवारी, सकाळी ७:०५

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. जाडी?

---

पन्हेरीकर | १९ जानेवारी, रात्री ९:३०

काका, आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पुतण्याचं व्हर्नियर (जाडी मोजायचं) आणलं. त्याच अर्ध्या ओळीतली वीस-वीस कलमं मोजली, जोडाच्या वर बोटभर. युरियावाल्या उंचीला जवळपास दीडपट, पण जाडीत फरक नखाएवढाही नाही. म्हणजे सगळं वरच गेलं. एक-एक पिशवी फाडूनही पाहिली, जीवावर आलं पण पाहिली. बिनयुरियाच्या पिशवीत पांढऱ्या तंतुमुळांची जाळी कडेपर्यंत. युरियावाल्यात तळाशी थोडी, मधली माती तशीच गळून पडली.

---

हिमप्रदेशी_वऱ्हाडी | २० जानेवारी, सकाळी ६:४०

हीच खरी गुणवत्ता. इथं रोप घेताना पहिला भागाकार असतो उंची सेंटिमीटरमध्ये भागिले बुंधा मिलिमीटरमध्ये. सहाच्या वर गेलं की रोप सोटासारखं लांबट समजतात, वाऱ्यात आणि बर्फाच्या ओझ्यात वाकतं. दुसरा भागाकार शेंडा आणि मुळं यांच्या वाळलेल्या वजनाचा. १९६० मध्ये डिक्सन आणि सहकाऱ्यांनी हे दोन्ही एकत्र करून एक निर्देशांक मांडला: एकूण वाळलेलं वजन भागिले या दोन भागाकारांची बेरीज. तो पांढऱ्या स्प्रूस आणि पांढऱ्या पाइनसाठी होता, संत्र्याच्या कलमाला त्याचे आकडे लावू नयेत, पण विचार तोच लागतो. वजनदार, बुटकं, मुळांनी भरलेलं रोप वर.

---

निंबोणी | २० जानेवारी, दुपारी १२:१०

आणि आपल्यासाठी खताची वेळ मी अशी बसवेन. खुंटाची कणगी डोळा भरायच्या आधी भरा. जुलै ते सप्टेंबर, पाण्यातून, थोडं थोडं, दर आठवड्याला. लिंबूवर्गीय झाडं पानांत, खोडात आणि मुळांत नत्र साठवतात आणि नवी फूट बऱ्याच अंशी त्या साठ्यावर येते. साठा असेल तर ऑक्टोबरात भरलेला डोळा युरियाशिवाय फुटतो. मग थंडी जाईपर्यंत पान पिवळं पडणार नाही इतपतच. फेब्रुवारीत माती तापली की हात मोकळा सोडा.

मोजमापासाठी: युरियात ४६ टक्के नत्र. लिटरमागे १०० मिलिग्रॅम नत्राचं पाणी करायचं तर युरिया लागतो लिटरला ०.२२ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला साधारण सव्वातीन ग्रॅम. तुमचा अर्धा चमचा एका पिशवीला पडला, दादा. तेवढा जवळपास दहा लिटर पाण्याला पुरला असता.

---

पन्हेरीकर | २० जानेवारी, रात्री १०:२०

हे वाचून हातपाय गार पडले. थंडीनं नव्हे.

---

पन्हेरीकर | ४ जुलै, रात्री ९:१५

धागा वर काढतो. बऱ्याच जणांनी विचारलं पुढं काय झालं.

अकराशेपैकी पावणेतीनशे जोडापासून गेली. बाकी फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटली, पण वाकडी, दोन-दोन शेंड्यांची. विहिरीकडच्या बिनयुरियाच्या कलमा मार्चपासून अशा सुटल्या की जूनपर्यंत उंचीत बाकीच्यांना गाठलं, बुंधा मात्र त्यांचाच जाड.

आणि ते गिऱ्हाईक आलं. कोपरापासून बोटापर्यंत हात लावून मोजत फिरलं. मी व्हर्नियर पुढं केलं, मुळं दाखवायला पिशवी फाडली. हसला. म्हणे भाऊ, मी पुढं विकतो, तिथं कोणी पिशवी फाडत नाही. त्याला लांब पाहिजे होती, दुसरीकडून उचलली. माझ्या बुटक्या-जाडांपैकी सहाशे मोर्शीकडच्या एका शेतकऱ्यानं घेतल्या. स्वतः लावणारा माणूस. त्यानं शेंडा पाहिलाच नाही, सरळ बुंधा चिमटीत धरला.

---

काळीमाती | ४ जुलै, रात्री ९:४८

तो मीच होतो.

---

पन्हेरीकर | ४ जुलै, रात्री ९:५०

काका!! सांगायचं तरी!

---

काळीमाती | ४ जुलै, रात्री ९:५५

मंग भाव कमी नसता केला तू. उलटा लाजेनं चहा पाजला असता. सहाशे लावल्या, पाऊस चांगला हाय.

---

पन्हेरीकर | १८ नोव्हेंबर, रात्री ८:४०

या वर्षीचं. नाल्याकडं आता काही नाही, तिथं ज्वारी टाकली. खुंटांना जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याला पाण्यातून दिलं, निंबोणीताईंच्या हिशेबानं. डोळे ऑक्टोबरात भरले, दसऱ्यानंतर युरिया बंद. मात्र सातव्या ओळीतल्या साठ पिशव्यांपैकी तीस पिशव्यांना आज दिला आणि अर्ध्यावर मुद्दाम थांबलो. लाल सुतळी युरियावाल्यांना, पांढरी बाकीच्यांना. तापमापक लावला, बॅटरीचं पाणी आणून ठेवलं, पंच मशीन नवीन घेतलं कारण लेकीनं जुनं परत दिलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा थंडीची वाट पाहून राहिलो.